बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोण करणार?

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : पूर व अतिवृष्टीत काम बुडालेल्या शेतमजूर, सालगडी, बटईदार आणि ऊसतोड कामगारांची नोंद आणि मदत.

महोदय,

सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर, सीनेच्या काठाला माझं गाव आहे. तिथं मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. घरचं अडीच एकर जिरायत रान आहे, म्हणजे साधारण एक हेक्टर. हे हेक्टराचं मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं रडगाणं त्याच्याभोवती आहे.

सप्टेंबर २०२५ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सीनेनं जे केलं ते तुमच्या विभागाला मी सांगायला नको. टँकरची वाट बघण्यात हयात गेलेल्या भागात हेलिकॉप्टरनं माणसं उचलावी लागली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला आपत्ती निधीच्या निकषाचे ८,५०० आणि रब्बीच्या तयारीचे १०,००० मिळून हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रोख, शिवाय माती आणून टाकायला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत. दुभतं जनावर दगावलं तर ३७,५००. कोंबडीमागे १०० रुपये.

यातलं मला मिळालं, मी घेतलं. पुरेसं होतं का, वेळेवर आलं का, यावर शेतकरी संघटना बोलतच आहेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. मी आज वेगळ्या माणसाबद्दल लिहितोय. वरच्या यादीत कोंबडी आहे, गोठा आहे, विहीर आहे. ज्या बाईनं माझ्या रानातलं सोयाबीन काढायचं होतं, ती त्यात कुठं बसते हे मला सापडलेलं नाही. आणि यादीत नाव शोधणं हाच माझा धंदा आहे.

मदतीची रक्कम कशी येते हे मंत्रालयात कितपत ठाऊक असतं कोण जाणे, म्हणून थोडक्यात सांगतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (तिघांचीही पदनामं आता बदलली आहेत, गाव अजून जुन्याच नावानं हाक मारतं) पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं. मग खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक हे सगळं पोर्टलवर चढतं आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो. आमच्याकडे त्याला व्हीके नंबर म्हणतात. ज्याचा फार्मर आयडी निघालाय त्याचं आता सोपं झालंय, बाकीच्यांनी केंद्रात येऊन अंगठा द्यायचा, ई-केवायसी झाली की पैसे खात्यावर. ऑक्टोबरात माझ्या दारात सकाळी सातपासून रांग असायची.

त्या रांगेत एक मावशी उभी राहिली होती. मातंग वस्तीतली, पन्नाशीची. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड. आधार कार्डाच्या लॅमिनेशनमध्ये चिखल शिरून फोटोवर तपकिरी डाग पडला होता. मी म्हटलं, "मावशी, गट नंबर सांगा." ती म्हणाली, "गट कशाचा? रान न्हाई आमाला." मग म्हटलं, तुमचं नाव यादीत नसणार. ती शांतपणे म्हणाली, "बगून तर सांग." मी तिच्यासमोर यादी वरपासून खालपर्यंत फिरवली. तेवढ्यात मागच्यानं, ज्याच्या रानात ती दरवर्षी खुरपायला जाते त्यानंच, सांगितलं, "अगं, ही रानवाल्यांची यादी हाय." ती म्हणाली, "मग बिनरानवाल्यांची कवा लागनार हाय?"

हा प्रश्न मी तुमच्यापर्यंत पोचवतोय. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिचं बुडालं किती ते तरी बघू. आमच्याकडे बाईचा रोज तीनशे. श्रावणात खुरपणी उरकली की मजुराच्या घरात पैसा येतो तो उडदाच्या आणि सोयाबीनच्या काढणीत. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत. या महिन्या-सव्वा महिन्यात टोळी करून, उक्तं घेऊन, दिवस मावळल्यावर मोबाइलच्या उजेडात सुद्धा कापणी चालते, कारण याच पैशावर दिवाळीचं तेल, पोरांचे कपडे आणि दुकानदाराची उधारी भागते. २०२५ मध्ये त्याच दिवसांत रानात गुडघाभर पाणी होतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. मालकाचं पीक गेलं, ते मोजलं गेलं. त्या पिकात तिचीही काढणी होती, ती कुणी मोजली नाही. मजुराच्या घरात पाणी शिरलं असेल तर त्याला घरटी मदत आणि धान्य मिळालं, हे नाकारत नाही. पण तिचं घर उंचवट्यावर. घर कोरडं राहिलं, म्हणून सरकारी हिशेबात ती पूरग्रस्तच नव्हती.

तुम्ही म्हणाल, नैसर्गिक आपत्तीत मजुरीचा तोटा कधी कुणी भरून दिलाय? दिलाय, महोदय. याच राज्यानं दिलाय. दुष्काळात.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आमच्या गावात अजून आहेत. त्यांच्या आठवणीत सातबारा येत नाही, खडी येते. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी फोडणं, आणि कामावर खायला मिळणारी सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कामावर आलेल्याला कुणी "तुझी जमीन किती" असं विचारलं नाही. घाम गाळ, रोज घे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव भागात सुचवलेल्या योजनेतून आणि या दुष्काळाच्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, जो पुढे देशानं उचलला. इंग्रजांच्या फॅमिन कोडमध्ये, म्हणजे दुष्काळाच्या नियमावलीत सुद्धा, दुष्काळ पडला की नाही हे ठरवायची एक कसोटी अशी होती, की चाचणीची कामं उघडायची आणि किती मजूर येतात ते पाहायचं. म्हणजे दुष्काळ ओळखायची खूणच मजूर होता.

दुष्काळात हात मोजणारं सरकार पुरात फक्त रान मोजतं. याचं कारण मला एवढंच दिसतं, की दुष्काळ सावकाश येतो, त्यात कामं काढता येतात. पूर चार दिवसांत येऊन जातो आणि मागं असा चिखल ठेवतो की कामही काढता येत नाही. रोजगार हमीची मातीकामं पावसाळ्यात तशीही थंड असतात. जॉब कार्ड असून त्या महिन्यात मजुराला काम मागता येत नाही. मागितलं तरी ग्रामरोजगार सेवक नदीकडे बोट दाखवतो. म्हणजे ज्या एका कायद्यात तो आहे, तोही नेमका तेव्हा झोपलेला असतो. खरडलेल्या जमिनीच्या ३ लाखांत मजुरांचे हात किती लागणार आणि जेसीबीचे दात किती, यावर मी पैज लावायला तयार आहे, पण ते राहू द्या.

आता सालगड्याचं. गुढीपाडव्याला साल ठरतं, उचल मिळते आणि वर्षभर त्या घरचं रान, जनावरं, मोटार, सगळं त्याच्या गळ्यात. तो राहतो कुठं? मालक गावात, किंवा आजकाल बार्शीत नाहीतर पुण्यात. गडी रानातल्या वस्तीवर, गोठ्याच्या शेजारी. नदीकाठच्या रानात पाणी आलं की सगळ्यात आधी त्याच्या अंथरुणाखाली येतं.

आमच्या शेजारच्या शिवारात त्या रात्री असंच झालं. मालकाचा फोन आला, जनावरं सोड. गडी गोठ्यात गेला तेव्हा पाणी मांडीला लागत होतं आणि दाव्यांच्या गाठी भिजून आवळल्या होत्या. त्यानं विळ्यानं दावी कापली. चार जनावरं निघाली, एक गाय गव्हाणीत अडकून गेली. त्याची बायको दोन पोरं घेऊन पत्र्यावर बसून राहिली. सकाळी माणसं आली. पुढं गायीचा पंचनामा झाला, कारण गाय जाग्यावर मेली होती, कानात बिल्ला होता, मालकाचं नाव नोंदलेलं होतं. गड्याच्या दोन शेळ्या वाहून गेल्या. बिल्ला नाही, मढं नाही, फोटो नाही. शेळ्या होत्या हे सांगायला साक्षीदार म्हणून मालकच. मालक भला होता, त्यानं सांगितलं. पण लिहून घेणारा म्हणाला, तुमच्या गटात तुमच्या नावावर शेळ्या दाखवू का? गड्याच्या नावानं दाखवायला रकानाच नाही. यात लिहिणाऱ्याची खोट काढत नाही. तोही दिवसाला चार-चार गावं उरकत होता आणि त्याला दिलेल्या नमुन्यातच त्याला लिहायचं होतं.

बटईदाराचं दुखणं तुमच्या विभागापेक्षा महसूलचं जास्त, पण पुरात ते तुमच्या दारात येतं. आमच्याकडे अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, रान करणारे घरटी एक तरी निघतील. बियाणं-खताची उधारी बटईदाराची, राबणूक त्याची, नाव सातबाऱ्यावर मालकाचं. मालक लिहून देत नाही, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, ही भीती. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याची ती भीती मराठवाड्यात पंचाहत्तर वर्षं टिकून आहे, आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. परिणाम काय? पीक बटईदाराचं गेलं, पैसे मालकाच्या खात्यावर पडले. काही मालकांनी निम्मे दिले. काहींनी "बघू" म्हटलं. माझ्या केंद्रातल्या यंत्रावर अंगठा मालकाचा आणि मागं बाकड्यावर बसून त्या अंगठ्याकडे बघणारा बटईदार, हे दृश्य ऑक्टोबरात मी रोज पाहिलं.

आणखी एक कागद माझ्याकडून जातो, त्याबद्दल सांगायलाच हवं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. वीज पडून, सर्पदंशानं, पुरात, अपघातानं मृत्यू झाला तर २ लाख रुपये. योजना चांगली आहे, वेळेला उभी राहते, मी स्वतः अर्ज भरलेत. पण लाभ कुणाला? वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या खातेदार नसलेल्या एका माणसाला. पाणी ओसरल्यावर साप कोरडी जागा धरतात, पाचटात, गंजीखाली, पत्र्याच्या शेडात. तिथं हात कोण घालतं? रानाचा मालक घालतो तसा मजूरही घालतो, आणि खरं सांगायचं तर मजूरच जास्त. एकाच बांधावर, एकाच सापानं दोघांना डसलं तर एकाच्या घरी २ लाख आणि दुसऱ्याच्या घरी वर्गणीची पिशवी. या योजनेत "शेतकरी" या शब्दापुढे "व शेतमजूर" एवढे शब्द घालायला किती खर्च येईल याचा हिशेब कृषी विभागाकडे सहज निघेल.

हे मजूर म्हणजे मूठभर असते तर गोष्ट वेगळी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेती कसणारे सुमारे १ कोटी २५ लाख होते आणि शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख. शेतमजूर जास्त आहेत, महोदय. राज्याच्या शेतीतली निम्म्याहून अधिक माणसं आपत्तीच्या कागदावर दिसत नाहीत.

आणि आमच्या भागातले हेच मजूर दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर इथून लाखो माणसं साखरपट्ट्यात जातात. ज्या वर्षी गावात सुगी बुडते त्या वर्षी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जास्त घ्यावी लागते, आणि उचल जास्त म्हणजे फेडायला जास्त दिवस. सप्टेंबरातला पूर असा पुढच्या मार्चपर्यंत अंगावर राहतो. एक गंमत सांगतो. २०२५ मध्ये पूरग्रस्तांसाठी म्हणून कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १५ रुपये घ्यायचं ठरलं, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी. त्यावर कोण किती तापलं ते वर्तमानपत्रांत आलं. तो टन तोडणाऱ्यांत स्वतः पूरग्रस्त किती आहेत, हे विचारलेलं मी कुठं वाचलं नाही.

पुढं तिकडं गेल्यावर त्यांचं काय होतं? नोव्हेंबर ते एप्रिल हा अवकाळीचा आणि गारपिटीचा काळ. तोडकऱ्याचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कांब्या, वर ताडपत्री, बाजूनं चटई नाहीतर पाचट, आत चूल, पीठ-मिठाचे डबे, एक पेटी आणि पोरं. जागा कारखाना नाहीतर गावकरी दाखवतील ती, बहुतेक वेळा काळ्या मातीची सखल पड नाहीतर कॅनॉलची कड. रात्री तासभर वळीव पडला की पीठ भिजतं, सरपण भिजतं, अंथरूण चिखलात. दुसऱ्या दिवशी फडात गाडी जात नाही, मग तोड बंद. मजुरी टनावर, टन नाही तर पैसा नाही. वाफसा यायला चार दिवस लागले तर चार दिवस बसून खायचं, तेही उचलीतूनच.

इथं पंचनामा कुणी करायचा? त्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरात ही माणसं नाहीत. आमच्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरात नावं असतील, पण नुकसान त्याच्या हद्दीत झालेलं नाही. निकषांत झोपडी पडल्याची मदत आहे, भांडीकुंडी-कपडे गेल्याची आहे. कोपी यात झोपडी म्हणून धरायची की नाही, हे कुठल्या तरी साहेबाच्या मनावर. कारखाना म्हणतो, कामगार मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पाऊस काय मी पाडला? राज्याबाहेरून येणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरितांचा कायदा तरी होता. बीडहून सांगलीला जाणारा राज्याच्या हद्दीतच असतो, म्हणून तो त्यातही नव्हता.

मी माझ्या भागापुरतं लिहितोय. नाशिकच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या आहेत. कोकणातल्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, ज्यांच्याकडे इथला एकही कागद नसतो आणि वादळ आलं की तीच बागेत असतात. त्यांचं त्या भागातल्या जाणत्यांनी लिहावं.

केरळचं मात्र सांगतो, कारण तिथून उपाय घेता येतो. ६ ऑगस्ट २०२० ला मुन्नारजवळ पेट्टीमुडीला दरड कोसळली ती चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळींवर. सत्तर जीव गेले. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमला वाहून गेलं, तिथंही चहामळ्यातली मजूर कुटुंबं होती, परप्रांतातले कामगार होते. कोण कुठं राहत होतं हे शोधताना रेशन कार्डाच्या आणि मतदारांच्या याद्या जुळवाव्या लागल्या. पण वायनाडनंतर केरळ सरकारनं एक गोष्ट केली. ज्यांची उपजीविका गेली अशा कुटुंबांतल्या प्रत्येकी दोन माणसांपर्यंत दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे ३० दिवस रक्कम दिली. जमीन आहे की नाही हा प्रश्न त्यात नव्हता.

हे केरळनं हवेतून आणलेलं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत, उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांना मदत, ही बाब लिहिलेलीच आहे. तुमच्या विभागात ही पानं माझ्यापेक्षा जास्त वेळा उलटली गेली असतील. नवा कायदा नको, विधेयक नको, समिती तर मुळीच नको. जे कलम छापलेलं आहे ते आमच्या शिवारात लागू करा.

आता आकडा सांगतो, म्हणजे हे किती मोठं मागणं आहे ते कळेल. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एका घरातली दोन माणसं, तीस दिवस, म्हणजे १८,७२०. आणि माझ्या कोरडवाहू हेक्टराला मिळाले १८,५००. मी पुन्हा पुन्हा गुणाकार करून पाहिला. एका मजूर कुटुंबाचा बुडालेला महिना आणि एका जिरायत हेक्टराचं बुडालेलं पीक, दोन्हींची सरकारी किंमत जवळजवळ एकच निघते. मग एकाचा पंचनामा होतो आणि दुसऱ्याचा होत नाही, हे कुठल्या हिशेबानं?

यावर तहसीलमधल्या एका अनुभवी साहेबांनी मला जे ऐकवलं तेही लिहितो, कारण ते खोटं नाही. ते म्हणाले, "सातबारा हा पुरावा आहे. मजूर असल्याचा पुरावा काय? उद्या अख्खं गाव मजूर होईल. सरपंचाचा मेव्हणा पहिला." बरोबर आहे. होईल. मी गावात राहतो, मला सरपंचही माहीत आहेत आणि मेव्हणेही. पण सातबाऱ्यावरच्या यादीत घोळ होत नाहीत का? पडीक रानावर सोयाबीन दाखवलेलं मी पाहिलंय. घोळ होतो म्हणून आपण शेतकऱ्यांची मदत बंद केली नाही, तपासणी वाढवली.

आणि मजुराचा पुरावा नाही हे अर्धंच खरं. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी चालू आहे, त्यात व्यवसायाचा रकाना आहे. माझ्याच केंद्रातून शेतमजूर म्हणून ढीगभर कार्डं निघाली. लोक विचारायचे याचा उपयोग काय, मी सांगायचो पुढं कधीतरी होईल. तो "कधीतरी" पूर आला तेव्हा यायला हवा होता. जॉब कार्ड आहे. रेशन कार्ड आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाचं महामंडळ आहे, त्याच्यासाठी टनामागे पैसा ठरलेला आहे, ओळखपत्रं देण्याचं काम ग्रामसेवकांकडे दिलेलं आहे. इतकी दप्तरं असून एकही दप्तर पुराच्या दिवशी उघडलं जात नाही. तुमच्या पोर्टलला त्यांचा पत्ता ठाऊक नाही.

उरलेला पुरावा गावाकडे आहे. मजूर कोण, हे गावात लपत नाही. कोण कुणाच्या रानात जातं, कुणाचं साल कुणाकडे आहे, कोण अर्धेलीनं करतं, हे चावडीवर बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला पाठ असतं. सातबाऱ्याचं चावडी वाचन आपण करतोच. तसंच मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, मजुरांच्या यादीचं वाचन करा. भर ग्रामसभेत, नाव मोठ्यानं वाचून. मेव्हण्याचं नाव आलं की लोक हसतील, आणि ते हसू कुठल्याही ऑनलाइन पडताळणीपेक्षा कडक असतं. यादी पुरानंतर करायला घेतली तर मात्र साहेबांचं म्हणणं खरं ठरेल. पैसा जाहीर झाल्यावर केलेल्या याद्या कशा असतात हे तुम्हालाही माहीत आहे.

कोप्यांसाठी हे काम कारखान्याच्या गळ्यात घाला. गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी अट घालावी, की टोळी उतरली की आठ दिवसांत कारखान्याच्या शेतकी खात्यानं तळावरच्या माणसांची नावं, मूळ गाव, पोरं किती, ही यादी त्या गावच्या तलाठ्याकडे द्यायची. कारखान्याच्या स्लिप बॉयला, म्हणजे गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पोराला, कुठल्या गाडीत कुठला कोयता (तोडणारी जोडी) आहे हे रोज माहीत असतं, म्हणजे माहिती नाही असं कुणी म्हणू नये. कोप्यांची जागा उंचावर हवी, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. अवकाळीनं तोड बंद राहिली तर त्या दिवसांचा खर्च उचलीत चढवायचा नाही, आणि कोपी पडली, भांडी-अंथरूण गेलं तर ती जिथं पडली तिथल्याच तहसीलनं पंचनामा करायचा, मूळ गावाचा दाखला मागत बसायचं नाही.

तलाठ्याच्या नमुन्यात एक पान वाढवायचंय, एवढंच माझं मागणं. ते कसं असावं याचा मसुदा मी केंद्रातल्या संगणकावर करून या पत्रासोबत जोडतोय. नाव, वस्ती, ई-श्रम किंवा जॉब कार्ड क्रमांक, कामाचा प्रकार (रोजंदारी, साल, बटई, तोड), कुणाच्या शिवारात, किती दिवस काम बंद, स्वतःची जनावरं व साहित्य काय गेलं, आणि शेवटी सही किंवा अंगठा. आडव्या पानावर बसतं. अंगठ्याच्या जागी एक टीप घातली आहे : खुरपं-कोयता धरून ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही त्यांच्यासाठी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय असावी. ही टीप कृपया गाळू नये. पोटाला काम करणाऱ्या बायकांचे ठसे माझ्या यंत्रावर चार-चार वेळा नापास होतात आणि त्या ओशाळून हात पदराला पुसत राहतात.

परिपत्रक पावसाळ्याआधी निघालं तर पहिली यादी आमच्या गावात भरून द्यायची माझी तयारी आहे. त्याचं शुल्क घेणार नाही.

कळावे,

आपला,
सीनाकाठचा एक सेवा केंद्र चालक व खातेदार (क्षेत्र १ हेक्टर)

सोबत : नमुना, पान १

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. साखर आयुक्त, पुणे.
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य (अपघात योजनेपुरती).
सरपंच व सर्व सदस्य, आमची ग्रामपंचायत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, मेव्हण्याबद्दल राग मानू नये.